वीस गुंठ्यांत धनुष्यबाण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पुढे, जांबोटीकडच्या अंगाला आमची वीस गुंठे जमीन आहे. सहासष्ट फूट रुंद आणि तीनशे तीस फूट लांब. भावकीत वाटण्या होत होत उरलेली पट्टी. खालच्या टोकाला भाताचा वाफा, वरच्या टोकाला काजूची सात झाडं आणि मधे जांभ्याचा माळ, ज्यात कुळीथसुद्धा धड येत नाही. त्या माळावर गेली सहा वर्षं मी रविवारी फोमच्या हरणावर बाण मारतो. बाकीचे सहा दिवस बेळगावच्या उद्यमबागेत माझं लेथ आणि मिलिंगचं काम.

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याच्या अदिती स्वामीनं सतराव्या वर्षी तिरंदाजीचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनंही. तेव्हापासून आठवड्याला एक तरी पोरगा वर्कशॉपवर येऊन विचारतो, "मेस्त्री, कुठलं धनुष्य घेऊ?" मी त्याला टेप देतो आणि म्हणतो, आधी तुझी जागा मोजून ये. निम्मे परत येत नाहीत. जे येतात त्यांच्यासाठी हे लिहितोय.

त्याआधी एक गोष्ट नीट ऐका. आमचा भाग भीमगड अभयारण्याच्या कुशीतला. शिवारात चितळ येतात, भेकर येतं, गवे तर घरच्यासारखे येतात. खऱ्या जनावरावर बाण सोडायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, आणि त्या कायद्यात नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात. आपल्या मालकीच्या रानात आलं म्हणून ते आपलं होत नाही. शेजारचे एक मामा दर सुगीला विचारतात, "काय ओ मेस्त्री, डुकराला लागंल काय ह्यो बाण?" मी म्हणतो, "मामा, मला पण लागंल, कलम." पिकाचं नुकसान झालं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करायचा, नाहीतर सोलर कुंपण घालायचं. आम्ही कुंपण घातलंय. म्हणून पहिला नियम असा, की शिकारीचं पात्याचं टोक, ज्याला ब्रॉडहेड म्हणतात, ते विकतच घ्यायचं नाही. पिशवीत पातं सापडलं तर तुम्ही फोमवर सराव करताय हे वनखात्याच्या गार्डाला पटवता पटवता संध्याकाळ होईल. मी सुरुवातीलाच बीटच्या गार्डाला बोलावून माळ दाखवला, चहा पाजला आणि फोमचं हरीण दाखवलं. तो हसला, आणि विषय तिथंच संपला.

मला हे वेड लागलं ते मात्र खऱ्या शिकारीच्या देशात. पुतण्या पेन्सिल्वेनियात असतो, त्यानं पाच एकर जागा घेतलीय. तिकडे परवाना काढून हंगामात धनुष्यानं हरीण मारायला परवानगी आहे. एका पानगळीच्या हंगामात मी त्याच्याकडे होतो. माझ्याकडे परवाना नव्हता, मी नुसता बघणारा. त्यानं सत्तर पौंडांचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं, कंपाउंड धनुष्य आणलं होतं, टोकांना चाकं असलेलं. "काका, पन्नास यार्डावरून मारतं हे." मी म्हणालो, बाबा, तुझ्या जागेत पन्नास यार्ड आहेत कुठं? तिथला नियम असा, की शेजाऱ्याच्या राहत्या घराच्या पन्नास यार्डांच्या आत त्याच्या परवानगीशिवाय धनुष्यानं शिकार करता येत नाही. आम्ही नकाशावर प्रत्येक घराभोवती कंपासनं गोल काढले. पाच एकरांतून जो तुकडा उरला तो आमच्या घरामागच्या परड्याएवढा. त्यात एक ओकचं झाड. त्या झाडावर मचाण, आणि मचाणापासून हरणांची वाट अठरा यार्ड. म्हणजे सत्तर पौंडांचं यंत्र अठरा यार्डांसाठी! त्या राज्यात हरणासाठी कमीत कमी पस्तीस पौंडांचं धनुष्य लागतं. पंचेचाळीस-पन्नासमध्ये त्याचं काम आरामात झालं असतं आणि उजवा खांदाही दुखला नसता. लहान जागेत जोरापेक्षा आवाज कमी असणं आणि हात न थरथरणं जास्त कामाचं, कारण जनावर जवळ असतं आणि ऐकतं. शिवाय जखमी हरीण पळून शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं, तर त्याचं दार वाजवल्याशिवाय मागं जाता येत नाही. तो त्या हंगामात फक्त एकदा बाण लावून बसला. हरीण समोरासमोर उभं होतं. आडवं वळलंच नाही, म्हणून यानं दोरी सोडली नाही. मला पुतण्याचा फार अभिमान वाटला, त्याला सांगितलं नाही.

तर जागा. आपल्या पट्टीत बाण कुठल्या दिशेनं जाणार हे धनुष्य घेण्याआधी ठरवायचं. सहासष्ट फूट म्हणजे वीस मीटर, त्यामुळे आडवं मारायचा प्रश्नच नाही, लांबीलाच मारायचं. लांबी शंभर मीटर. वाटतं भरपूर आहे. पण तीस पौंडांचं साधं धनुष्य वर तोंड करून सुटलं तर बाण दीडशे मीटरच्या पुढे जातो. पहिल्या वर्षी मी उताराच्या दिशेनं, भाताकडे तोंड करून मारायचो. एक बाण हरणाच्या पोटाखालून गेला, जांभ्यावर घासला आणि पाण्यावर चपटा दगड उड्या मारत जातो तसा उड्या मारत वाफ्यात. तिथं रोप लावणाऱ्या चार बायका होत्या. कुणाला लागला नाही. पण एकीनं चिखलातला बाण उपसून ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलं, त्यानंतर तीन महिने मी धनुष्याला हात लावला नाही. आता दिशा उलटी. चढाकडे तोंड. हरणाच्या मागे चार फुटी मातीचा बांध, चाळून घेतलेल्या मातीचा, कारण त्यात एक जरी दगड राहिला तरी कार्बनचा बाण फुटतो. बांधाच्या पुढे बांबूवर जुन्या वाकळा सैल सोडल्यात. सैल हे महत्त्वाचं. ताणून बांधलेलं कापड बाण फाडून जातो, सैल वाकळ मागे झुलते आणि त्याचा जोर खाते. आमच्या हिचं म्हणणं, आजीनं शिवलेली वाकळ अशी वापरायला लाज कशी वाटत नाही. ते बरोबरच आहे.

उभं राहायचं अंतर मी तीस मीटरच्या पुढे ठेवलेलं नाही. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या थ्री-डी स्पर्धेतसुद्धा, जिथं फोमचीच जनावरं असतात, साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नसलेल्या धनुष्यवाल्यांना पाच ते तीस मीटरच देतात. कंपाउंडवाल्यांना पंचेचाळीसपर्यंत. म्हणजे आपली वीस गुंठ्यांची पट्टी बेअरबोसाठी, म्हणजे अशा बिनसाइटच्या धनुष्यासाठी, चक्क आंतरराष्ट्रीय मैदान आहे.

आता अंग. पहिल्यांदा डोळा बघा. दोन्ही हात पुढे करून पंजांमधे छोटा त्रिकोण धरा, त्यातून दूरची एखादी वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू त्रिकोणातच दिसते तो तुमचा धनी डोळा. माझी सून उजव्या हातानं भाकरी थापते, पण डोळा डावा. तिला डाव्या हाताचं धनुष्य घेतलं, पंधरा दिवसांत माझ्या पुढे गेली. नंतर दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि अडीचनं भागा. माझे १६५ सेंटिमीटर, म्हणजे ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच. ही माझी खेच, म्हणजे दोरी मागे ओढायची लांबी. २६ इंचांच्या आसपास खेच असेल तर ६६ इंची धनुष्य, २८ च्या आसपास असेल तर ६८, त्याच्याही पुढे गेली तर ७०.

पौंडांच्या बाबतीत सगळे खोटं बोलतात, स्वतःशीच. लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजेवर, जो आकडा छापलेला असतो तो २८ इंच खेचीला धरून असतो. दर इंचामागे साधारण दोन पौंड कमी-जास्त होतात. माझ्या लिम्बवर ३४ छापलंय, माझ्या हातात ३० येतात. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो, घरच्या सिलेंडरमधल्या गॅसच्या वजनाला थोडं कमी. तेवढं तीन बोटांवर, दिवसाला शंभर वेळा. पुतण्याचे ७० म्हणजे जवळजवळ बत्तीस किलो, सिमेंटच्या अर्ध्या पोत्यापेक्षा जास्त. पटत नसेल तर पन्नास रुपये भाड्यानं कुणाचा तरी लटकवायचा काटा आणा आणि दोरीला अडकवून ओढून बघा. नव्या मोठ्या माणसानं २० ते २४ पासून सुरू करावं. परीक्षा सोपी आहे. हात लक्ष्याच्या रेषेत ठेवून, धनुष्य आभाळाकडे न उचलता, सरळ मागे ओढता आलं पाहिजे. जो आभाळाकडे उचलून ओढतो त्याला ते जड आहे, आणि तसाच निसटलेला बाण शेजारच्या गावात जातो. माझा खांदा पन्नाशीत एकदा गोठला होता, तेव्हा मी परत २४ वर आलो. काही बिघडलं नाही.

कंपाउंड की रिकर्व्ह? रिकर्व्ह म्हणजे बिनचाकांचं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य. कंपाउंडमध्ये कॅममुळे, म्हणजे टोकांच्या चाकांमुळे, शेवटी वजन उतरतं. ऐंशी टक्के उतरत असेल तर पन्नास पौंडांचं धनुष्य पूर्ण खेचल्यावर हातात फक्त दहा पौंड. नेम धरायला स्वर्ग. पण त्याची दोरी आणि केबल बदलायची तर लिम्ब दाबून धरणारा प्रेस लागतो, आणि खेचीची लांबी त्याच्या कॅममध्येच बसवलेली असते, त्यामुळे एक धनुष्य घरात सगळ्यांना चालत नाही. बाण न लावता एकदा जरी सोडलं तर लिम्ब किंवा कॅम गेलाच म्हणून समजा. प्रेस मी स्वतः बनवू शकतो, दोन लीड स्क्रू आणि चौकोनी पाइप, काय मोठं काम आहे. पण दर वेळी दोरीसाठी जंगलातून उठून उद्यमबागेत यायचं? मी तीन तुकड्यांचं रिकर्व्ह घेतलं. मधला रायझर, म्हणजे हातात धरायचा भाग, २५ इंची, दोन्ही बाजूंना आयएलएफ नावाची जोडाची खाच असलेले लिम्ब. ही खाच बहुतेक सगळ्या कंपन्या एकसारखी ठेवतात, म्हणून रायझर एकदा घ्यायचा आणि ताकद वाढली की फक्त लिम्ब बदलायचे. सूनबाईंसाठी डाव्या हाताचा वेगळा रायझर लागला, लिम्ब मात्र माझे जुने २४ चे. पोराला आधी बांबूच्या धनुष्यावर बसवायचं असेल तर तेही चांगलं. आपल्या देशात इंडियन राउंड म्हणून त्याच्याच ३० आणि ५० मीटरच्या स्पर्धा होतात.

धनुष्यावर एवढं बोललो, पण पैसे घालायचे ते बाणावर. हे मला पुतण्याच्या भेटीनं शिकवलं. येताना त्यानं त्याचे डझनभर बाण दिले, ४०० स्पाइनचे, झकास. इथं येऊन मारले तर सगळे डावीकडे. मी मनगट बदललं, उभं राहणं बदललं, चश्मा बदलला. शेवटी लेथवाल्याचं डोकं चाललं. स्पाइन म्हणजे बाणाची लवचीकता. अठ्ठावीस इंचांच्या अंतरावर दोन टेकू, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन, आणि बाण किती वाकतो ते इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे ४०० चा बाण ०.४०० इंच वाकतो, मिलिमीटरमध्ये १०.१६. मी व्ही-ब्लॉकवर बाण ठेवला, डायल गेज लावला, आकडा तोच आला. तो बाण माझ्या ३० पौंडांना पहारीसारखा होता. रिकर्व्हमधून बोटांनी सोडलेला बाण धनुष्याला वळसा घालून जाताना माशासारखा वळवळतो. फार ताठ असेल तर वळवळत नाही आणि उजव्या हाताच्या माणसाचा बाण डावीकडे पडतो. फार मऊ असेल तर उजवीकडे. मला ७०० लागतो, गेजवर १७.७८ मिलिमीटर.

तपासायचं कसं? डझनातल्या दोन बाणांची पिसं काढून टाका आणि पंधरा मीटरवरून पिसंवाल्या बाणांबरोबरच मारा. बिनपिसांचा कुठं पडतो ते बघा. बाण जितका लांब आणि टोक जितकं जड तितका तो मऊ वागतो, म्हणून नवे बाण लांबच घ्यायचे आणि पाव-पाव इंच कापत यायचं. आधीच कापून मागवलेला बाण परत वाढत नाही. कार्बन हॅक्सॉनं कापू नका, तंतू फाटतात. पातळ अ‍ॅब्रेझिव्ह चाक, वेग जास्त, तोंडाला मास्क, शेजारी ओलं फडकं. ती काळी धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही. टोक बसवताना हॉटमेल्ट गोंद वापरत असाल तर टोक गरम करा, बाण नको. माझा एक बाण आता पिसं, टोक धरून २१ ग्रॅम भरतो. शहापूरच्या एका सोनाराकडे काट्यावर बाराच्या बारा तोलले. त्याला वाटलं ह्यात सोनं लपवलंय. बारातले दोन अर्ध्या ग्रॅमनं जड निघाले, ते सरावाचे.

आणि प्रत्येक वेळी, न चुकता, मारण्याआधी बाण दोन्ही हातांत धरून हलका वाकवायचा आणि पिळायचा, कानाशी. करकर आली तर तो मोडून फेकायचा. तडकलेला कार्बन दोरी सुटताना फुटला तर सळया धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

पिसं की प्लास्टिक? पाऊस आमच्याकडे असा की खरी पिसं भिजून लोळतात. म्हणून व्हेन, म्हणजे प्लास्टिकची पिसं, आणि बाण टेकवायला रायझरला चिकटवायचा तारेचा रेस्ट. कोरड्या भागात, म्हणजे अथणी-चिकोडीकडे असाल तर पिसं घ्या, ती नवशिक्याची चूक जास्त सांभाळून घेतात.

हरीण मी घरी बनवलं. आधी भाताच्या पिंजराचे गठ्ठे ठेवले होते. पहिल्या मिरगात कुजले, दुसऱ्या वर्षी उंदीर आले, आणि उंदरांच्या मागोमाग जो येतो तोही आला. मग ईव्हीए फोमच्या शीटच्या पट्ट्या आणल्या, एकावर एक आडव्या रचल्या, वर-खाली प्लायवूड आणि चार कोपऱ्यांना एम-१२चे थ्रेडेड रॉड, नट आवळून. बाण पट्ट्यांच्या मधल्या फटीत घुसतो आणि घासून थांबतो. ओढून काढायला सोपा, बाणाला अंगाचा साबण चोळला की अजून सोपा. मधला भाग झिजला की नट सैल करून पट्ट्या उलट्या-सुलट्या रचायच्या, परत दोन वर्षं. खांद्यापर्यंत तीन फूट म्हणजे चितळ, दोन फूट म्हणजे भेकर. चितळाचे ठिपके नातीनं रंगवले, त्यामुळे ते थोडं बिबट्यासारखं दिसतं. पुतण्याकडून एक गोष्ट उचलली. समोरच्या पायाच्या मागे, छातीवर, नऊ इंची कागदी प्लेट लावायची. पाच बाण मारायचे. ज्या अंतरावरून पाचही प्लेटमध्ये बसतात ते तुमचं अंतर. माझं चितळावर बावीस मीटर. तीस मीटरवर चार बसतात आणि पाचवा वाकळेत.

बाकीचं किरकोळ. बोटांना चामड्याचा टॅब हवाच, हातमोजा नको. हाताला आर्मगार्ड. धनुष्याला दोरी चढवायला स्ट्रिंगर नावाची जाड दोरी वापरा, मांडीत अडकवून चढवलं की लिम्ब पिळतात. ६६-६८ इंची रिकर्व्हला दोरीपासून हँडलपर्यंत साडेआठ इंचांच्या आसपास ठेवून सुरुवात करा, मग एकेक पीळ घालत आवाज कमी होतो तिथं थांबा. साइट आणि स्टॅबिलायझर, म्हणजे तोल सांभाळायचा दांडा, पहिलं वर्षभर नको. बाणाच्या टोकानंच नेम धरायला शिका. जवळच्या अंतरावर टोक प्लेटच्या बरंच खाली दिसलं पाहिजे, हे पहिल्या आठवड्यात कुणालाच पटत नाही.

मार्चमध्ये धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. मी एकदा खानापूरच्या बाजारात अर्धा तास म्हणून गाडी लावली, ओळखीचं माणूस भेटलं, दोन तास झाले. वरच्या लिम्बचे थर सुटून पापुद्रा आला. पावसाळ्याचं माझं असं आहे, की मिरगाच्या आधी दोरी उतरवायची, तिला मेण चोळायचं, लिम्ब पुसून कोरड्या कापडात, आणि सगळं पत्र्याच्या ट्रंकेत. ट्रंक खाटेखाली, भिंतीला टेकवून नाही. फोमच्या हरणावर ताडपत्री, खाली चार विटा. भातकापणी झाली, वाटेवरची ये-जा कमी झाली की परत काढायचं, आणि पहिल्या दिवशी २४ चेच लिम्ब लावायचे.